भाऊ सिरोंच्याला गेले आहेत

दुर्योधनभाऊ सिरोंच्याला गेले की त्यांना हाक मारायची नाही, असा आमच्या दुकानात नियम आहे. ते त्या वेळी माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसलेले असतात, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ. तरी हाक मारायची नाही. माणूस गावाला गेला म्हटल्यावर ओ कोण देणार?

पहिल्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. मी नुकतीच चंद्रपूरहून सावलीला मामाकडे आले होते आणि मामाच्याच ओळखीनं इथे लागले होते. खत-बियाण्यांचं दुकान. सावलीचं मोठं, आणि गोंडपिपरी नि सिरोंच्याला एकेक शाखा. मला बिलं करायला बसवलं होतं. समोरच्या शेतकऱ्यानं काहीतरी ‘एकोणसत्तर’ सांगितलं आणि माझे हात थांबले. शाळा इंग्लिश मिडियमची, त्यामुळे पन्नासच्या पुढचे मराठी आकडे मला आजही धुक्यात दिसतात. मी हळूच शेजारी वळून विचारलं, “भाऊ, एकोणसत्तर म्हणजे?”

भाऊंनी मान हलवली नाही. मी पुन्हा विचारलं. ते पडद्याकडे पाहत राहिले, अगदी शांत चेहऱ्यानं. मला वाटलं कमी ऐकू येत असेल. मग वाटलं, पहिल्याच दिवशी माझं काहीतरी चुकलं. मागे पोत्यांना सुतळी मारत बसलेल्या सुमनबाई म्हणाल्या, “त्याइले आवाज नोको देऊ, पोरी. ते सिरोंच्याले गेले आहे.”

मी सुमनबाईंकडे पाहिलं. भाऊंकडे पाहिलं. शेतकऱ्याकडेही पाहिलं, पण त्याला यात काही वावगं वाटल्याचं दिसलं नाही.

“कधी येतील?” मी विचारलं. दुसरं काय विचारायचं ते सुचेना.

“येतीन अर्ध्या घंट्यात. रस्ता चांगला असन तर.” सुमनबाईंनी सुतळी दातानं तोडली. “अन् सत्तरले एक कमी म्हणजे एकोणसत्तर.”

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या सावलीच्या कंप्युटरवर एक प्रोग्रॅम आहे. त्यात सिरोंच्याच्या नावावर दोनदा टिचकी मारली की इकडच्या पडद्यावर तिकडच्या दुकानाचा कंप्युटर जसाच्या तसा उघडतो. मग इथे बसून तिथला माल पाहता येतो, तिथली बिलं काढता येतात. इथे माउस सरकवला की तिथल्या पडद्यावरचा बाण सरकतो, आणि तिथे कोणी सरकवला तर तोच बाण आपल्या डोळ्यांदेखत इथे चालायला लागतो. जगात हजारो लोक हे करत असतील. पण त्यासाठी प्रवासाला निघणारे दुर्योधनभाऊ एकटेच असावेत.

निघण्याआधी ते पेलाभर पाणी पितात. सुमनबाईंना “येतो बाई” म्हणतात. चपला काढून टेबलाखाली एकाला एक लावून ठेवतात, कारण दुसऱ्याच्या दुकानात चपला घालून कसं शिरायचं? मग टिचकी मारतात, आणि तिकडचा पडदा उघडला की त्याला हात जोडून हळूच ‘जयभीम’ घालतात. नेटवर्क मंद असलं तर चिडत नाहीत. “जंगलात रस्ता खराब आहे,” एवढंच म्हणतात. परत आले की दुपट्ट्यानं मान पुसतात, पुन्हा पाणी पितात आणि तिकडची हवा सांगतात. ती तिथल्या पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेली असते, पण सांगतात ते उन्हातून आल्यासारखं. सुमनबाई रोज विचारतात, “मच्छी आणली का गोदावरीची?” भाऊ रोज सांगतात, “पिशवी विसरलो न बाई.”

आणि गंमत म्हणजे हा माणूस खऱ्या सिरोंच्याला जन्मात गेलेला नव्हता. त्यांना गाडी लागते. एस.टी. सुरू होण्याचा आवाज आला तरी यांना लिंबू लागतं. गडचिरोलीला काही काम निघालं तर सायकलनं जातात. सिरोंचा म्हणजे अख्ख्या दिवसाचा रस्ता, त्यातला निम्मा जंगलातून. “मी तिथी पोचीन,” ते म्हणायचे, “पण माह्या पोटातलं सगळं वाटंत राहीन.”

भाऊ पन्नाशीचे असतील. लग्न केलेलं नाही. का नाही, असं सुमनबाईंनी एकदा छेडलं तेव्हा म्हणाले, “घरात खुर्ची एकच आहे. तिले कुठी बसवू?” ते खरं आहे. मामाबरोबर मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. मामा खुर्चीत बसले, मी उंबरठ्यावर, आणि भाऊ उभे राहून आम्हाला सिरोंच्याच्या बाजाराबद्दल सांगत होते.

त्यांचा दुसरा छंद म्हणजे पासवर्ड. छंद म्हणजे, तो न पाहणं. दुकानात कोणीही काहीही टाइप करायला लागलं की भाऊ भिंतीकडे तोंड करतात. मालकांनी मोबाइलचा नंबर दाबला तरी. समोर एका खत कंपनीचं कॅलेंडर आहे. त्यावरच्या बैलजोडीचा एकूण एक ठिपका-पट्टा त्यांना पाठ आहे. “पासवर्ड म्हणजे दुसऱ्याची न्हाणी,” असं त्यांचं म्हणणं. “तिकडं पाहाचं नसते.” या तत्त्वापायी एक गोष्ट अशी झाली होती की सिरोंच्याला रोज जाणाऱ्या दुर्योधनभाऊंना सिरोंच्याचा पासवर्ड माहीत नव्हता.

तो ठरवला होता सिरोंच्याच्या व्यंकटीनं. व्यंकटी तिथला जुना माणूस, भाऊंहून चार-दोन वर्षांनी मोठा. कंप्युटर जोडले जाण्याच्या कितीतरी आधीपासून हे दोघं रोज संध्याकाळी फोनवर एकमेकांना मालाचा हिशेब सांगायचे. हा झाडीपट्टीच्या बोलीत, तो तेलुगू मिसळलेल्या मराठीत. मग एक तंत्रज्ञ आला. त्यानं सिरोंच्याला जाऊन व्यंकटीकडून पासवर्ड टाकून घेतला, सावलीला येऊन तोच आमच्या कंप्युटरमध्ये टाकला, ‘लक्षात ठेव’ या चौकटीत खूण केली आणि निघून गेला. तो टाइप करत होता तेव्हा भाऊ अर्थातच बैलजोडी पाहत होते. तेव्हापासून त्या जागी नुसते काळे ठिपके दिसायचे. ठिपक्यांवर काम चालायचं.

भाऊंनी व्यंकटीला फोनवर विचारलं होतं, काय ठेवला बाप्पा पासवर्ड? व्यंकटी म्हणाला, इथे आल्यावर सांगतो. मग तो त्यांचा वर्षानुवर्षांचा खेळ झाला.

दुसरा खेळ पत्त्यांचा. कंप्युटरवर एकट्यानं खेळायचा असतो ना, लालवर काळं, काळ्यावर लाल लावत जायचं, तो. हे दोघं तो दोघांत खेळायचे. काम संपलं की सिरोंच्याच्या पडद्यावर डाव मांडायचा. लाल पत्ते सावलीचे, काळे सिरोंच्याचे. बाण एकच, हात दोन. भाऊ लाल पत्ता लावून माउसवरून हात काढून घ्यायचे, की बाण आपोआप उठून चालायला लागायचा, नि काळा पत्ता उचलायचा. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा घाबरून उठून उभी राहिले होते. भाऊंनी मान न वळवता सांगितलं, “बसा बसा. व्यंकटी आहे तो.” मी बसले, आणि नकळत त्या बाणाला मान लववली.

डाव संपला की फोन. त्यातलं मला फक्त इकडचं ऐकू यायचं. शेवटी तिकडून व्यंकटी काहीतरी विचारायचा, आणि भाऊ हसून म्हणायचे, “रेपु, रेपु.” मग फोन खाली. मला वाटायचं तेलुगूत निरोप घेताना असं म्हणत असतील. एकदा घरी जाताना मीही सुमनबाईंना “रेपु” म्हणून पाहिलं. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि चहा कमी घ्यायला सांगितलं.

मी लागल्यावर काही महिन्यांनी व्यंकटीला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सिरोंच्याच्या खुर्चीत समय्या नावाचा नवा माणूस आला. समय्या चांगला आहे, कामाला वाघ आहे, पण पत्ते खेळत नाही.

भाऊंनी व्यंकटीच्या घरी एकदा फोन लावला, हे मला सुमनबाईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, तिकडून नुसता श्वास येत होता. भाऊ बराच वेळ फोन कानाला लावून बसले, आणि मग त्यांनी व्यंकटीला त्या दिवशीचा बियाण्याचा माल वाचून दाखवला. वाणासकट. सगळा झाल्यावर ‘रेपु’ म्हणाले आणि फोन ठेवला. पुन्हा लावला नाही.

सिरोंच्याला मात्र ते जातच राहिले. काम झालं की डाव मांडायचे, जमतील ते लाल पत्ते लावायचे, मग माउसवरून हात काढून मांडीवर ठेवायचे आणि थांबायचे. बाण जिथल्या तिथे उभा. थोड्या वेळानं डाव बंद करून दुपट्ट्यानं मान पुसायचे. काळे पत्ते तुम्हीच का लावत नाही, असं माझ्या ओठांवर यायचं. पण मी फारशी कोणाला काही विचारत नाही. मला वाटलं, या खेळाचा काही नियम मला कळलेला नसेल.

मग छोट्या मालकांनी नवा कंप्युटर आणला. जुना शनिवारी बदल्यात परत द्यायचा ठरला. नवा आणून जुन्याच्या शेजारी मांडला. भाऊंनी त्याच्याकडे पाहून एकच प्रश्न विचारला, “याच्यातून सिरोंच्याले रस्ता आहे का?”

छोटे मालक म्हणाले, आहे की, पासवर्ड टाकला की झालं. पासवर्ड कोणालाच माहीत नाही, आणि तो बाहेरून शिरतानाच लागतो म्हणून समय्यालाही नाही, हे कळल्यावरही ते चिडले नाहीत. म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे. समय्याला फोन करा, तो तिकडे नवा टाकेल, तोच आपण इकडे टाकू.

भाऊ माझ्याकडे वळले. “नवा टाकला का जुना पुसते ना?”

“हो,” मी म्हटलं.

“मंग नोको.”

छोट्या मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मी छोट्या मालकांकडे. भाऊ म्हणाले, समय्याला कोणी काही सांगायचं नाही. शनिवारपर्यंत जुना पासवर्ड निघाला तर निघाला, नाही तर बघू. मालक हात झटकून गेले. जाता जाता म्हणाले, मॅडम आहेत ना इंग्लिश मिडियमच्या, त्यांना येत असेल. या जगात इंग्लिश मिडियमच्या माणसाला काय काय येतं असं लोकांना वाटतं, याची यादी करायला हवी. मी बी.कॉम. आहे. मला ठिपके उलगडायला कोणी शिकवलेलं नाही.

भाऊ खुर्ची ओढून माझ्याजवळ आले. “बाई, हे ठिपके काढून द्या.”

“पण नवा टाकला तर काय बिघडतं, भाऊ?”

“नव्यात त्याचं का आहे?” ते म्हणाले.

मला खरंच कळेना. पासवर्ड ही आत जायची वस्तू. आत जाता आलं की तिचं काम संपलं. किल्ली हरवली तर माणूस कुलूप बदलतो, जुन्या किल्लीसाठी विहीर उपसत नाही. पण मी हे बोलले नाही. मी ठिपके निवडले, कॉपी केले आणि दुसरीकडे उतरवून पाहिले. काहीच उतरलं नाही. भाऊंनी सुचवलं, ठिपके मोजू, निदान अक्षरं किती ते तरी कळेल. आम्ही मोजले. मग मी गोंडपिपरीचे मोजले. तिथला पासवर्ड चार अक्षरांचा आहे हे सगळ्या दुकानाला माहीत आहे, पण ठिपके सिरोंच्याइतकेच निघाले. म्हणजे ठिपकेही खोटे होते. भाऊंना याचं फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ते त्यांना खरे समजत होते.

मग मी एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस इंग्रजीत भरधाव बोलत होता. भाऊ माझ्या मागे उभे राहून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. व्हिडिओ संपल्यावर म्हणाले, “का म्हंते?”

“मला नाही कळलं.”

“तुमी तं इंग्लिश मिडियमच्या.”

“हो.”

त्यांनी तो विषय वाढवला नाही. सभ्य माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी ओळखून पाहायचं ठरलं. नव्या कंप्युटरवरून भाऊ एकेक सांगणार, मी टाकणार. व्यंकटीला काय काय आवडायचं ते त्यांना सगळं माहीत होतं. गोदावरी झाली, प्राणहिता झाली. मिरची झाली. त्याच्या बायकोचं नाव, नातवाचं नाव, विकून टाकलेल्या डोंग्याचं नाव, माशांची नावं. ज्याला भाऊंनी कधी पाहिलं नव्हतं त्याच्या घरातली शेळीसुद्धा त्यांना नावानं ठाऊक होती. मी टाइप करताना ते भिंतीकडे तोंड करून बसत. मी म्हटलं, भाऊ, तुम्हीच तर सांगताय, मग लपवायचं काय? म्हणाले, “सवय आहे.” शेवटी सिरोंच्याचा कंप्युटर रुसला आणि त्यानं आम्हाला घेणंच बंद केलं. लगेच समय्याचा फोन आला, की मॅडम, तिकडून कोणी दार ठोकून राह्यलं का?

सुमनबाई हे सगळं पोत्यांमागून पाहत होत्या. त्या शेवटी म्हणाल्या, “एवढं आहे तं जाऊन इचारून काऊन नाई येत? त्याले बोलता नाई येत, पण लिहून तं दाखवन डाव्या हातानं.”

“मले गाडी लागते.”

“लागू द्या. उलटीले पन्न्या घेऊन जा.”

भाऊंनी चपलांकडे पाहिलं. मग हळू म्हणाले, “तो मले बाणानं वळखते, बाई. तोंडानं नाई. मी दारात जाऊन उभा राहीन, अन् त्यानं नाई वळखलं तं?”

सुमनबाईंनी सुतळीचा गुंडा उचलला आणि मागच्या बाजूला निघून गेल्या.

मला अजूनही सगळं कळलेलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी घरी मी तो व्हिडिओ पुन्हा लावला, थांबवत थांबवत, आणि त्या प्रोग्रॅमच्या मदतीची पानंही वाचली. तेव्हा एक अगदी साधी गोष्ट समोर आली. हा प्रोग्रॅम पासवर्ड कोणाला दाखवत नाही, पण कामासाठी दुसऱ्या प्रोग्रॅमला तो देऊ शकतो. आपण त्याला एक ओळ लिहून द्यायची, की काळी खिडकी उघड, आणि सिरोंच्याचा पासवर्ड तिच्यात लिही. मालकाच्या कंप्युटरवर मालकाच्या माणसानं मागितला, तर तो देतो. चोरी नाही, तोडफोड नाही. त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं, एवढंच.

शुक्रवारी दुकान उघडल्या उघडल्या मी जुन्या कंप्युटरवर बसले. ओळ लिहिली. एकदा चुकली, पुन्हा लिहिली. काळी खिडकी उघडली आणि तिच्यात पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटली.

मी वाचली, आणि माझा चेहरा पडला. इंग्रजी अक्षरांत नुसतं काहीतरी एकापुढे एक लागलेलं होतं. ना नाव, ना गाव, ना आकडा. मला वाटलं, उलगडताना बिघडलं. मागे वळले तर भाऊ बैलजोडीकडे तोंड करून बसलेले.

“भाऊ, बघा. पण बरोबर वाटत नाही.”

“तुमी पाह्यला?”

“हो.”

“मंग मी पाह्यला तं चालते,” असं म्हणून ते वळले, चष्मा पुसला, आणि बोट धरून एकेक अक्षर लावायला लागले. ओठ हलत होते. “एप्पुडो…स्ताव…रा.”

ते तिथेच थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी बोट न धरता, एका दमात.

“चुकलाय का?” मी विचारलं.

“नाई,” भाऊ म्हणाले. “त्याचाच आहे.” मग म्हणाले, “सगळं टाकून पाह्यलं न आपण. शेळी टाकून पाह्यली.”

त्यांनी दुपट्ट्यानं मान पुसली, जरी ते कुठे गेले नव्हते. त्या दिवशी ते सिरोंच्याला गेलेच नाहीत. दुपारी छोट्या मालकांशी काहीतरी बोलले आणि लवकर निघाले. पायरीवर थांबून मला म्हणाले, “इंग्लिश मिडियम वाया नाई गेलं, बाई.”

पासवर्ड चालतो की नाही हे पाहायचं होतं, म्हणून मी तो नव्या कंप्युटरवर टाकला. दार उघडलं. मग समय्याला फोन करून सांगितलं की आमचं जमलं, आणि त्याला ती ओळ वाचून दाखवली. याला काही अर्थ आहे का?

समय्या हसला. “आहे की मॅडम. तेलुगू आहे. ‘कधी येतोस रे’ असं होते.”

“आणि रेपु?”

“रेपु म्हणजे उद्या.”

मी फोन ठेवला. सुमनबाईंनी विचारलं, का म्हंते? मी त्यांना सांगितलं. सुईत सुतळी ओवता ओवता त्या स्वतःशीच म्हणाल्या, “रोज तेच ठिपके दाबून जात होते न भाऊ तिथी.”

शनिवारी जुना कंप्युटर न्यायला माणसं आली. छोटे मालक नव्हते, त्यांचे वडील आले होते. मोठ्या मालकांना कोणी काही सांगितलेलं नसावं. त्यांनी दुकानभर नजर फिरवली आणि विचारलं, दुर्योधन कुठी आहे?

“सिरोंच्याले गेले,” सुमनबाई म्हणाल्या.

मोठ्या मालकांनी भाऊंच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. ते जरा गोंधळले, मग वाकून टेबलाखाली पाहिलं. चपलाही नव्हत्या.

“म्हणजे?”

“म्हणजे एस.टी.नं. पहाटं गेले. चार लिंबं नेली अन् पन्न्या नेल्या. मच्छीले पिशवी बी नेली आहे या बारीनं, मीच देल्ली.”

मोठे मालक भाऊंच्याच खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं.

तो दिवस आणि रविवार गेला. भाऊंचा फोन लागत नव्हता. सोमवारी दुपारी गिऱ्हाईक ओसरलं आणि मला सिरोंच्याचा माल पाहायचा होता. मी नव्या कंप्युटरवर बसले. पासवर्ड मी मुद्दाम जतन केला नव्हता. एकेक अक्षर दाबलं. आता त्याचा अर्थ माहीत होता, त्यामुळे यंत्राशी बोलतेय असं वाटेना.

पडदा उघडला. त्यावर डाव मांडलेला होता.

मी माल पाहायचा विसरले. बाण मधोमध उभा होता. मग तो हलला. भाऊंचा बाण सरळ जातो, मला ठाऊक आहे. हा तसा नव्हता. हा थरथरत, वाकडा-तिकडा, लिहायला शिकणाऱ्या मुलाच्या रेघेसारखा निघाला. किलवरच्या दश्शीपाशी पोचला, तिला उचलली, बदाम गुलामाच्या दिशेनं थोडी ओढली, आणि सोडून दिली. दश्शी परत जागेवर गेली. पुन्हा उचलली. पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा ती फार हळू सरकत आली, मधे थांबली, तिरकी झाली, आणि गुलामावर जाऊन बसली.

बाण तिथेच थांबला.

मी वाट पाहिली. भाऊ तिकडे व्यंकटीच्या शेजारीच बसलेले असणार, लाल पत्ता लावतील. चौकटची नव्वी समोर उघडी पडलेली होती. कोणी तिला हात लावेना. बाण तसाच उभा. मला पुन्हा काही कळेना. आणि मग आठवलं की लाल पत्ते सावलीचे.

मी माउसवर हात ठेवला.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मागून कोणीतरी पावती मागत असल्याचं कानावर येत होतं, एकदा, दोनदा, मग जरा चढ्या आवाजात. पायांना फरशी गार लागली, तेव्हा लक्षात आलं की मी चपला केव्हातरी काढून ठेवल्या आहेत. आणि पोत्यांमागून सुमनबाईंचा आवाज आला, त्या गिऱ्हाइकाला समजावणारा.

“तिले आवाज नोको देऊ, बाबू. ते सिरोंच्याले गेली आहे.”